काळ्या स्क्रीनवरचे टक्के

लोडशेडिंगचं वेळापत्रक तोंडपाठ असणं ही मराठवाड्यातल्या माझ्या पिढीची एक खास विद्या होती. आपल्या गल्लीची वेळ तर माहीत असायचीच, पण पिठाच्या गिरणीची, झेरॉक्सवाल्याची आणि सासुरवाडीचीही माहीत असायची. मला दोन शहरांची वेळापत्रकं सांभाळावी लागायची, नांदेडचं आणि लातूरचं, कारण दोन्हीकडे एकेक लिनक्स सर्व्हर माझ्या गळ्यात होता. मागे एका लग्नात आत्याने विचारलं, "त्या काळात तू रात्री-अपरात्री फोनवर कुणाला 'किती टक्के झाले, किती टक्के झाले' म्हणून विचारायचास रे? कुणाचा रिझल्ट होता?" तिला तिथे पंगतीत काय सांगणार! म्हणून हे सविस्तर. ब्लॉगर मंडळींपैकी ज्यांना यातलं आधीच माहीत आहे त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल.

विंडोज ९८ आठवतंय? वीज गेली, परत आली, संगणक चालू केला की निळी स्क्रीन यायची. तुम्ही मशीन नीट बंद केलं नाही, आता मी डिस्क तपासतो, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत दटावायची. (वीज काय आम्ही घालवली होती का?) लिनक्समध्ये हेच काम काळ्या स्क्रीनवर व्हायचं. त्या प्रोग्रामचं नाव एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टीम चेक. हे तपासणं का लागतं? डिस्कवर नुसत्या फाइली नसतात, फाइलींचा हिशोबही असतो. कोणती फाइल कुठल्या जागेत आहे याची एक नोंद, तिचं नाव कोणत्या फोल्डरमध्ये आहे याची दुसरी, आणि डिस्कवर कोणती जागा रिकामी आहे याची तिसरी. एक फाइल लिहिली की या तिन्ही ठिकाणी बदल करावा लागतो, आणि तिन्ही बदल एकाच क्षणी होऊ शकत नाहीत. त्यातून वेग वाढावा म्हणून यंत्र बरंचसं लिखाण आधी मेमरीत ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. या मधल्या वेळात वीज गेली की एका वहीत आहे आणि दुसरीत नाही असा घोळ होतो.

हे दुखणं युनिक्सच्या जन्मापासूनचं. १९७९ मध्ये बेल लॅब्समधून युनिक्सची सातवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात यासाठी आयचेक, डीचेक, एनचेक असे वेगवेगळे प्रोग्राम होते. एक जागांचा हिशोब बघायचा, दुसरा फोल्डरांचा. कुठे काय चुकलंय ते ही मंडळी सांगायची, पण सगळं जुळवून दुरुस्त करायचं काम यंत्रापुढे बसलेल्या माणसाचं. बेल लॅब्समधल्याच टेड कोवाल्स्की यांनी हे सगळं एका प्रोग्राममध्ये आणलं, तो एफएससीके. तो टप्प्याटप्प्याने सगळ्या वह्या एकमेकींशी ताडायचा आणि दुरुस्तीही करायचा, पण पावलोपावली विचारून. हे नाव काढू का? हा आकडा सुधारू का? ज्या फाइलीचा मजकूर सापडला पण नाव हरवलं, ती 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची पद्धतही त्याचीच. एसटी स्टँडवर हरवलेलं सामान एका खोलीत ठेवतात ना, तसं.

पुढे बर्कलीमध्ये मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी नवी फाइलसिस्टीम केली. ती १९८३ मध्ये ४.२ बीएसडीबरोबर बाहेर आली आणि तिच्यासाठी एफएससीकेही सुधारला गेला. यंत्र सुरू होताना किरकोळ घोळ न विचारता दुरुस्त करायचे, आणि मोठं काही दिसलं तर थांबून माणसाला बोलवायचं, ही रीत त्यात पक्की झाली. लिनक्सने ती उचलली. लिनक्सची ईएक्सटी-२ ही फाइलसिस्टीम १९९३ ची, रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांची. तिचा तपासणारा प्रोग्राम त्सो यांनी नव्याने लिहिला. तो पाच फेर्‍यांत चालतो. पहिल्या फेरीत प्रत्येक फाइलीची नोंद वाचायची, दुसरीत फोल्डर, तिसरीत फोल्डर एकमेकांना नीट जोडलेत का ते, चौथीत एका फाइलीला नावं किती आहेत याची मोजणी आणि पाचवीत रिकाम्या जागेचा ताळेबंद. सगळ्यात वेळखाऊ फेरी पहिली, कारण डिस्कचं डोकं तेव्हाच सगळ्यात जास्त पळतं.

या पाच फेर्‍या मी का सांगत बसलोय ते पुढे कळेल.

आमच्याकडे लिनक्स आलं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळणार्‍या सीडीवरून. इंटरनेटवरून एवढं उतरवून घ्यायची सोय नांदेडला तेव्हा नव्हती. सीडी हातोहात फिरायची आणि शेवटी इतकी खरवडलेली असायची की इन्स्टॉल करताना देवाचं नाव घ्यावं लागे. फुकट आणि दणकट म्हणून लहान संस्थांनी ते घेतलं. लातूरच्या एका शिक्षणसंस्थेचा फीचा आणि प्रवेशाचा सगळा हिशोब अशाच एका मशीनवर होता. साधा असेंबल केलेला पीसी, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणायचो. मी राहायला नांदेडला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूर गाठायला अर्धा दिवस जायचा. तेव्हा रोजचं जे काही करायचं ते फोनवर.

आणि मग २००५ च्या आसपास विजेचा दुष्काळ आला. तसा तुटवडा आधीपासूनच होता. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता आणि राज्यात मागणी वाढतच होती. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली, आणि गळती किती, वसुली किती यावरून भागांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरायला लागले. मराठवाड्याच्या वाट्याला काय आलं असेल ते सांगायला नको. त्या काळात राज्याचे मुख्यमंत्री लातूरचे होते आणि त्यांच्यानंतरचे नांदेडचे, म्हणजे २००४ ते २०१० या काळात मुख्यमंत्रिपद आमच्या या दोन जिल्ह्यांतच होतं. तरी वीज जायची ती जायचीच. शहरात दिवसाचे चार-सहा तास, खेड्यात त्याहून कितीतरी जास्त.

यूपीएस होता. पण यूपीएसची बॅटरी पंधरा-वीस मिनिटं चालणार आणि वीज जाणार तीन तास. मोठ्या यूपीएसला एक केबल असते, ती सर्व्हरला जोडली की बॅटरी संपत आल्यावर मशीन आपलं आपण नीट बंद होतं. आमच्या यूपीएसला ते भोकच नव्हतं! त्यामुळे तिथल्या शिपाईमामांनी वेळेवर बंद केलं तर ठीक, नाहीतर धाडकन.

मग वीज आली की मामांचा फोन. "सर, काळी स्क्रीन आलीय. काहीतरी इंग्रजी आहे आणि पुढे रेघ सरकतीय."

"मामा, हात लावू नका. शेवटी आकडा आहे का? किती टक्के?"

"एकेचाळीस पॉइंट दोन."

दहा मिनिटांनी परत. "किती?"

"पंचेचाळीस. मधी अडकलंवतं जरा."

ही टक्क्यांची पट्टी हा सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो. आधी ती नसायची. यंत्र तपासणीला बसलं की स्क्रीनवर एक ओळ यायची आणि मग चिडीचूप. समोरच्या माणसाला कसं कळणार की हे काम करतंय की मेलंय? तो पाच मिनिटं बघतो, दहा मिनिटं बघतो, आणि मग जे टीव्हीला करतो तेच करतो, बटण बंद करून परत चालू! तपासणीच्या मधोमध वीज तोडण्याइतकं वाईट दुसरं काही नाही, कारण त्या वेळी हिशोब अर्धा दुरुस्त झालेला असतो. म्हणजे जी डिस्क वीज गेल्यावरही बर्‍यापैकी शाबूत होती, ती माणसाच्या अधीरपणामुळे जाणार. एफएससीकेला एक पर्याय दिला की तो टक्के दाखवतो. या टक्क्यांमध्ये एक गंमत आहे. पाच फेर्‍यांना सारखे वीस-वीस टक्के दिलेले नाहीत. पहिली फेरी शून्यापासून सत्तरपर्यंत, दुसरी नव्वदपर्यंत, तिसरी ब्याण्णव, चौथी पंच्याण्णव आणि पाचवी शंभर. हे वाटप प्रोग्राम लिहिणार्‍याने अंदाजाने ठरवून टाकलेलं आहे. त्यामुळे आकडा कधी मिनिटभर हलत नाही आणि कधी सत्तरनंतर भराभर पळतो. मामांना मी एवढंच सांगितलं होतं की सत्तर गाठेपर्यंत दम धरायचा, पुढे उतार आहे. त्यांनी ते एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं होतं: 'आकडा चढत असताना बंद करू नये. सत्तर नंतर उतार.' नवीन आलेला क्लार्क म्हणे त्याचा अर्थ विचारत फिरत होता :-)

पण खरा पेच वेगळाच होता, आणि तो लिनक्स लिहिणार्‍यांच्या स्वप्नातही आला नसेल. ईएक्सटी-२ मध्ये प्रत्येक डिस्कवर दोन आकडे असतात. एक, ही डिस्क किती वेळा सुरू केली. दुसरा, शेवटची तपासणी कधी झाली. मशीन नीट बंद केलेलं असलं तरी वीस-तीस वेळा सुरू झालं किंवा १८० दिवस उलटले, की सक्तीची पूर्ण तपासणी. हेतू चांगला होता. मेमरी खराब असेल, केबल ढिली असेल, खुद्द लिनक्समध्येच चूक असेल, तर डिस्कवर घोळ होतो आणि वरचा 'सगळं ठीक' हा शिक्का तसाच राहतो. म्हणून अधूनमधून शिक्क्यावर विश्वास न ठेवता आत डोकवायचं. ज्याने हा आकडा ठरवला त्याच्या डोळ्यांपुढे वर्षातून दोन-चार वेळा बंद होणारा सर्व्हर असणार. आमच्या लातूरला तो दिवसातून दोनदा बंद व्हायचा. करा हिशोब. तीस वेळा म्हणजे पंधरा दिवस! १८० दिवसांच्या मुदतीपर्यंत आमची डिस्क कधी पोचलीच नाही. दर पंधरवड्याला, एकादशी आल्यासारखी, सक्तीची तपासणी. तीही वीज नुकतीच आलेली असताना, भर सकाळी, फी भरायला पोरांची रांग लागलेली असताना.

त्यात डिस्का मोठ्या होत चाललेल्या. पूर्वी चार जीबी होती तिथे ऐंशी आली, मग अडीचशे. साठवण साठेक पटींनी वाढली, पण डिस्कचं डोकं इकडून तिकडे सरकायला जो वेळ लागतो तो जवळजवळ तेवढाच राहिला, आणि तपासणी म्हणजे मुख्यतः डोकं सरकणंच. पाच मिनिटांचं काम पाऊण तासावर गेलं. वीज येणार दहाला, परत जाणार बाराला. सुरुवातीलाच कुठे घोळ निघाला तर दोन तास अपुरे.

एकदा तसंच झालं. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर वीज गेली आणि यूपीएसने लगेच मान टाकली. पुढच्या वेळी मशीन सुरूच होईना. प्रशासकाचा पासवर्ड द्या आणि हाताने तपासा, एवढं म्हणून गप्प. मी एसटी पकडली. हाताने तपासणी केल्यावर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये तीनशेच्या वर फाइली निघाल्या. या फाइलींना नाव नसतं, नुसता एक आकडा असतो. दोन दिवस मी आणि तिथला अकाउंटंट एकेक उघडून बघत होतो. ही पावती कुणाची, हा अर्ज कोणत्या वर्गाचा. कार्बन कॉपीची पावतीपुस्तकं होती म्हणून जुळलं. एका मुलीची दोन हप्त्यांची फी कुठेच दिसत नव्हती आणि तिचे वडील देवणीहून आले होते, घडी घालून घालून फाटायला आलेली पावती खिशात घेऊन. ती पावती नसती तर त्यांचं कुणी ऐकलं असतं की नाही, मला शंका आहे. संगणकात नाही म्हणजे भरलेली नाही, असं म्हणायची सवय तोवर लागलेलीच होती. शेवटी तिची फाइल सापडली, आकड्याच्या नावाने.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. सुरू होण्याच्या संख्येची अट काढून टाकली, आणि तपासणी आपण ठरवलेल्या रात्री करायची असं ठरवलं. मूळ फोल्डरमध्ये 'फोर्स-एफएससीके' नावाची रिकामी फाइल ठेवायची आणि मशीन रीबूट करायचं, की पूर्ण तपासणी होते. रात्री अकरा ते पहाटे वीज जात नसे, तेव्हा महिन्यातून एक रात्र त्यासाठी. आत्याने ऐकलेले फोन हेच. रात्रपाळीच्या मामांना मी टक्के विचारायचो. (दुसर्‍या कुठल्या रिझल्टशी माझा संबंध नव्हता, हे घरच्यांनी लक्षात घ्यावं.)

तपासणीचा अहवाल जपणं हेही एक त्रांगडंच होतं. ज्या डिस्कवर अहवाल लिहायचा तीच डिस्क तपासली जात असते, त्यामुळे तिच्यावर काही लिहिता येत नाही. यावर लॉगसेव्ह नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो सगळं बोलणं मेमरीत धरून ठेवतो आणि डिस्क लिहिण्याजोगी झाली की उतरवतो. शिवाय एफएससीके जाताना एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक, एक म्हणजे चुका होत्या आणि दुरुस्त केल्या, चार म्हणजे चुका आहेत आणि तशाच राहिल्या. मी तो आकडा सकाळी मेलने स्वतःला पाठवायचो. शून्य बघून चहा घ्यायचा. एक आला तर डिस्क, केबल, मेमरी यांच्यावर आठवडाभर नजर ठेवायची. 'दुरुस्त केलं' एवढ्यावर समाधान मानायचं नाही, कारण बिघडलं का हे एफएससीके सांगत नाही.

खरा उपाय मात्र आधीच निघालेला होता. नोंद आधी एका रोजनाम्यात करायची आणि मग मुख्य वह्यांमध्ये, ही युक्ती. आयबीएम आणि सिलिकॉन ग्राफिक्सने ती १९९० च्या दशकातच वापरली होती. लिनक्समध्ये रायझर-एफएस २००१ च्या जानेवारीत आणि ट्वीडी यांची ईएक्सटी-३ त्याच वर्षी नोव्हेंबरात मुख्य कर्नेलमध्ये आली. रेड हॅट ७.२ तर ऑक्टोबर २००१ मध्येच ती घेऊन आलं होतं. आमचं मशीन त्याआधीच्या सीडीवरचं, म्हणून ईएक्सटी-२ वर अडकलेलं. जुनी डिस्क न पुसता एका आज्ञेने ईएक्सटी-३ करता येते. ते केलं आणि पाऊण तासाचं काम पाच सेकंदांवर आलं.

हे मी घरात कुणाला समजावू शकलो असेन तर एका काकांना. ते तलाठी होते. मी म्हटलं, काका, आधी वेगळ्या वहीत लिहायचं, ते पक्कं झालं की मगच मुख्य नोंद बदलायची. ते म्हणाले, "म्हणजे फेरफार!" अगदी बरोबर. जमीन विकली की तलाठी सातबारा लगेच बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार धरतो, नोटिसा जातात, पंधरा दिवस हरकतीची वाट बघतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि मग सातबाराला अंमल. मध्ये काही झालं तरी प्रश्न एवढाच, की फेरफार प्रमाणित होता का? असेल तर अंमल द्या, नसेल तर सातबारा जुनाच. रोजनाम्याची फाइलसिस्टीम वीज आल्यावर हेच विचारते. अख्ख्या गावाची मोजणी करत नाही.

पण काकांनी लगेच पुढचाही प्रश्न काढला. "फेरफार बरोबर असला तरी सातबाराचं पान वाळवीने खाल्लं तर?" तिथे रोजनामा हतबल. जे त्याच्यातून गेलं तेवढंच त्याला माहीत. पुढे सातबारे संगणकावर आले तेव्हा राज्याने नेमकं हेच केलं. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि हाताने लिहिलेल्याशी ताडायचा. नावं, क्षेत्रं, हिस्से यांतल्या चुका त्यातून वर आल्या आणि नंतर १ मे २०१८ ला डिजिटल सहीचे सातबारे सुरू झाले. चावडी वाचन म्हणजे गावाचा एफएससीकेच. फक्त टक्के दाखवायला कुणी नव्हतं.

लिनक्समध्ये मात्र उलटं झालं. ईएक्सटी-४ डिसेंबर २००८ च्या २.६.२८ कर्नेलपासून वापरायला पक्की मानली गेली, आणि २०११ मध्ये ई-टू-एफएस-प्रॉग्सच्या १.४२ आवृत्तीने नव्या डिस्कांवरची ती संख्येची आणि १८० दिवसांची सक्ती बंद केली. ऐन कामाच्या वेळी तासभर खोळंबणारे सर्व्हर लोकांना नको होते, आणि आमच्यासारख्यांनी ती अट हाताने काढलेलीच होती. २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ ७ मध्ये मूळ निवड एक्सएफएस झाली. तिच्या नावाचा एफएससीके सुरू होताना काहीच करत नाही, 'झालं' म्हणून परत येतो. खरी तपासणी वेगळ्या प्रोग्रामने हाताने करायची. आजची मशीनं सुरू होताना काळी स्क्रीनही दिसत नाही, कंपनीचं चिन्ह फिरत राहतं. सोय म्हणून हे मला मान्य आहे. पण नुसती गैरसोयीची तपासणी काढली आणि तिच्या जागी दुसरी वेळ कुणी ठरवलीच नाही, तर ती होत नाही. गेल्या काही वर्षांत मी जी जुनी मशीनं उघडून पाहिली, त्यांतल्या कित्येकांवर शेवटच्या तपासणीची तारीख आणि डिस्क बनवल्याची तारीख एकच होती!

२०१९ पासून ई-टू-स्क्रब नावाचं एक साधन आलं आहे. ते चालू डिस्कची त्या क्षणाची एक प्रत धरून तिच्यावर एफएससीके चालवतं, म्हणजे मशीन बंद करावं लागत नाही. त्यासाठी डिस्क सुरुवातीलाच विशिष्ट पद्धतीने बांधलेली लागते. आमची लातूरची तशी नाही, त्यामुळे तिथे अजून जुनीच रीत आहे. मुदत मी पुन्हा १८० दिवसांवर लावून ठेवली आहे आणि रीबूट रात्री अकरानंतर. आता एसएसडी आहे, डोकं सरकण्याचा प्रश्न उरला नाही. मागच्या वेळी सव्वा मिनिट लागलं आणि सकाळी मेलमध्ये शून्य आलं.